पानझडी वृक्षांची निगा

वर्षातील ठराविक काळात सर्व किंवा बहुतेक सर्व पाने गाळून काही आठवडे ते काही महिने निष्पर्ण राहणाऱ्या वृक्षांना पानझडी वृक्ष म्हणतात. पानगळीच्या आधी, निष्पर्ण अवस्थेत व नवी पालवी फुटेपर्यंत अशा वृक्षांची जी मशागत, राखण व छाटणी करावी लागते, तिचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. समशीतोष्ण कटिबंधात ही निगा मुख्यत्वे कडाक्याची थंडी व हिम यांपासून बचाव करण्यासाठी असते. कोकणात हिम पडत नाही. तेथे हिवाळ्याचा आरंभ म्हणजे सुमारे आठ महिन्यांच्या कोरड्या काळाचा आरंभ होय. त्यामुळे पाण्याची टंचाई, वणवा आणि अवेळी केलेली तोड हे तेथील वृक्षांचे खरे शत्रू ठरतात. रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुका हे या परिस्थितीचे एक चांगले उदाहरण आहे.

प्रदेश व हवामान : गुहागर तालुक्याच्या पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस वाशिष्ठी नदीची दाभोळ खाडी व दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी आहे. किनाऱ्यालगत गुहागर, असगोली, पालशेत, वेळणेश्वर, हेदवी इ. गावांत नारळी-पोफळीच्या बागा आहेत. किनाऱ्यापासून आत गेल्यावर जांभ्या दगडाचे सडे, उतारावरील तांबडी माती आणि दऱ्यांतील झाडी असे भूमिस्वरूप आढळते. पाऊस वर्षाला सरासरी ३,००० मिमी.च्या आसपास किंवा त्याहून अधिक असून त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. जांभ्याची माती सच्छिद्र व बहुधा उथळ असल्याने एवढ्या पावसाचे पाणी लवकर निचरून जाते आणि डिसेंबरनंतर मातीचा वरचा थर कोरडा पडतो. जानेवारीतील किमान तापमान किनाऱ्यावर सरासरी १८° ते २०° से. असते. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे कोरडे मतलई वारे आणि दुपारनंतरचे खारे वारे यांचा वृक्षांवर थंडीपेक्षा अधिक परिणाम होतो.

पानगळीची क्रिया : पानांच्या पृष्ठावरील सूक्ष्म त्वग्रंध्रांतून पाणी वाफेच्या रूपाने सतत बाहेर पडत असते. याला बाष्पोच्छ्वास म्हणतात. मुळांकडून होणारा पुरवठा कमी पडू लागला, की पाने टाकून देणे हा पाणी वाचविण्याचा सर्वांत परिणामकारक मार्ग ठरतो. दिवस लहान होणे व तापमान उतरणे यांचाही पानगळीशी संबंध असतो. परंतु उष्ण कटिबंधात जमिनीतील ओल हे कारण प्रमुख आहे. एकाच जातीचा वृक्ष कातळावर लवकर, तर ओढ्याकाठी पुष्कळ उशिरा निष्पर्ण होतो, तो यामुळेच.

पान गळणे ही निव्वळ सुकण्याची क्रिया नाही. पानाचे कार्य मंदावू लागताच त्यातील हरितद्रव्य व प्रथिने यांचे विघटन होते आणि नायट्रोजन, फॉस्फरस इ. पोषकद्रव्यांचा सुमारे निम्मा भाग पानातून फांदीत व खोडात परत घेतला जातो. पानातील ऑक्सिन या वृद्धिनियंत्रकाचे प्रमाण घटते व एथिलिनाचा प्रभाव वाढतो. देठाच्या तळाशी असलेल्या पातळ भित्तींच्या कोशिकांच्या थरात एंझाइमे (जीवरासायनिक विक्रिया घडवून आणणारी प्रथिने) कोशिकांना जोडणारे द्रव्य विरघळवितात, पान सुटते आणि मागे राहिलेला व्रण त्वक्षेच्या थराने झाकला जातो. अशा रीतीने पोषकद्रव्ये व स्टार्च यांचा साठा खोड, फांद्या व मुळे यांत सुरक्षित राहतो. पुढील पालवी व कित्येक जातींचा फुलोरा याच साठ्यावर येतो. सागाची लागवड ज्या खुंट्यांनी करतात त्यांना एकही पान नसते. तरीही मुळातील साठ्याच्या बळावर त्या पावसाच्या आरंभी फुटतात. पानझडी वृक्षाच्या निगेचे सर्व नियम या एका गोष्टीतून निघतात : पानातील द्रव्ये परत खोडात जाण्यास अवसर मिळावा आणि साठविलेले द्रव्य पालवी फुटेपर्यंत वाया जाऊ नये.

प्रमुख वृक्ष : गुहागर परिसरातील आंबा, काजू, फणस, कोकम (रातांबा), सातवीण व जांभूळ हे वृक्ष सदापर्णी आहेत. त्यांची जुनी पाने थोडीथोडी गळत असली, तरी वृक्ष उघडा पडत नाही. पानझडी वृक्षांपैकी ऐन (टर्मिनॅलिया एलिप्टिका, पूर्वीचे नाव ट. टोमेंटोजा) व किंजळ (ट. पॅनिक्युलॅटा) हे सर्वांत महत्त्वाचे होत. ऐनाची साल काळपट व मगरीच्या पाठीप्रमाणे चौकोनी भेगांची असते. किंजळ पावसाळ्याच्या अखेरीस फुलतो व हिवाळ्यात त्याच्या तांबूस फळांच्या घोसांमुळे डोंगरउतार रंगलेले दिसतात. या दोहोंची पाने फेब्रुवारी-मार्चपर्यंत टिकतात. काटेसावर (बॉम्बॅक्स सीबा) व पांगारा (एरिथ्रिना व्हेरिगेटा) हे डिसेंबर-जानेवारीतच निष्पर्ण होतात आणि पानांच्या आधी फुलतात. शिवण, मोई, पळस, कुडा, आवळा, आंबाडा व गुळगुळीत फिकट सालीचा नाणा हेही पानझडी आहेत. साग (टेक्टोना ग्रँडिस) कोरड्या जागी हिवाळ्याच्या आरंभीच पाने गाळू लागतो, तर ओल्या जागी मार्चपर्यंत पाने धरून राहतो. बहावा उन्हाळ्यात थोडा काळ उघडा पडतो. दारातील पांढरा चाफा व परसातील सीताफळ यांचाही या गटात समावेश होतो.

या जातींचे वेळापत्रक भिन्न असल्यामुळे सर्वांना एकच नियम लावणे योग्य नाही. निगेची कामे दिनांकावरून न ठरविता वृक्षाची अवस्था व जमिनीतील ओल पाहून ठरवावी लागतात.

पावसाळ्यानंतरची मशागत : पाऊस ओसरल्यावर ऑक्टोबरात, जमिनीत ओल असतानाच कामास आरंभ करतात. प्रथम वृक्षाभोवतालचे गवत व वेली काढतात. त्याच वर्षी लावलेल्या रोपाभोवती सुमारे अर्धा ते एक मी. त्रिज्येचे वर्तुळ स्वच्छ करून माती वरचेवर हलवितात. त्यामुळे भेगा बुजतात व ओल टिकते. खोल खणल्यास वरच्या थरातील पोषक मुळे तुटतात. म्हणून पाच-सात सेंमी.पेक्षा खोल जाऊ नये. उतारावरील रोपांच्या वरच्या अंगाचे पावसाळी चर बुजवून खालच्या अंगास मातीचा किंवा दगडांचा बांध घातल्यास अवकाळी सरीचे पाणी मुळांशी मुरते.

या काळात नायट्रोजनयुक्त खत देणे टाळावे. अशा खताने कोवळी फूट येते आणि विश्रांतीच्या काळात साठा खर्ची पडून ती फूट कोरड्या वाऱ्याने करपते. कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट द्यावयाचे असल्यास ते पावसाच्या आरंभी देणे श्रेयस्कर होय. जुन्या व खोल मुळांच्या वृक्षास हिवाळ्यात पाण्याची गरज नसते. पहिल्या दोन-तीन वर्षांच्या रोपांना मात्र डिसेंबर ते मे या काळात अधूनमधून, पण भरपूर पाणी द्यावे लागते. रोज थोडे पाणी दिल्यास मुळे पृष्ठालगतच राहतात, उलट काही दिवसांच्या अंतराने पोटभर दिलेले पाणी मुळांना खाली नेते. रोपाची पाने झडली म्हणजे ते मेले असे समजून पाणी तोडणे ही नेहमीची चूक आहे. सालीवर नखाने हलका ओरखडा काढून आत हिरवा ओलसर थर दिसल्यास रोप जिवंत असते.

पातेरा व आच्छादन : गळून पडलेल्या सुक्या पानांस कोकणात पातेरा म्हणतात. झाडाखाली तो तसाच राहू दिल्यास जमिनीचे तापमान कमी राहते, बाष्पीभवन मंदावते, पहिल्या पावसाच्या माऱ्यापासून मातीचे रक्षण होते आणि कुजल्यावर कॅल्शियम, पोटॅशियम इ. द्रव्ये जमिनीत परत जातात. उथळ जांभ्या मातीत सेंद्रिय द्रव्याचा हा जवळजवळ एकमेव नैसर्गिक पुरवठा असतो. रोपांभोवती पातेऱ्याचा सुमारे दहा सेंमी. जाडीचा थर पसरतात. परंतु तो बुंध्याला टेकू न देता वीतभर अंतर सोडतात. अन्यथा वाळवी पातेऱ्याच्या आडोशाने सालीपर्यंत पोहोचते. वस्तीजवळ व रस्त्यालगत पातेरा न जाळता खड्ड्यात भरून शेण व माती यांच्या थरांनी कुजविल्यास त्याचे चांगले खत होते. गोठ्यात गुरांखाली पातेरा पसरून नंतर तो शेणखतात मिसळण्याची प्रथाही उपयुक्त आहे.

खोडाचे रक्षण : पाने झडल्यावर खोडावर थेट ऊन पडते. दक्षिण व पश्चिम बाजूंची साल तापून तडकते आणि भेगांतून बुरशी व खोडकिडे यांचा शिरकाव होतो. तरुण व पातळ सालीच्या झाडांच्या खोडास चुना लावण्याने ऊन परावर्तित होऊन हा धोका कमी होतो. रस्त्याच्या कडेच्या वृक्षांना गेरू व चुना यांचे पट्टे देण्याची रीत मुख्यतः वाहनचालकांना झाडे दिसावीत म्हणून असली, तरी तिचा हा आनुषंगिक लाभही आहे. वाळवीची मातीची पोपडी खोडावर चढलेली दिसल्यास ती खरवडून बुंध्याशी माती हलवितात. सालीत ठोकलेले खिळे, तारा व घट्ट दोर काढून टाकणे हेही निगेचेच काम होय; कारण दोर आवळला गेल्यास सालीतील परिकाष्ठातून मुळांकडे होणारी अन्नाची वाहतूक थांबते.

छाटणी : निष्पर्ण वृक्षाचा सांगाडा स्पष्ट दिसत असल्याने वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या व कीडग्रस्त फांद्या ओळखणे सोपे जाते. कोरड्या हवेत बुरशीचा उपद्रवही कमी असतो. मात्र जखम भरून काढणारा ऊतककर (नव्या कोशिका निर्माण करणारा सालीखालील थर) विश्रांतीच्या काळात मंद असतो. म्हणून जिवंत फांद्यांची छाटणी पालवी फुटण्याच्या थोडी आधी, म्हणजे बहुतेक जातींत फेब्रुवारी-मार्चमध्ये करणे हितावह होय. सावर, पांगारा व पळस यांची छाटणी फुलोरा संपल्यावर करतात. कारण त्यांच्या फुलांतील मधुरसावर अनेक पक्षी व कीटक अवलंबून असतात. जाड फांदी कापताना प्रथम खोडापासून थोड्या अंतरावर खालून काप घेतात, नंतर त्याच्या पुढे वरून कापून फांदीचा भार उतरवितात आणि अखेरीस उरलेला खुंट फांदीच्या तळाच्या फुगीर भागाबाहेर कापतात. त्यामुळे साल ओरबाडली जात नाही. लांब खुंट ठेवल्यास तो कुजतो. फुगीर भाग कापला गेल्यास जखम भरत नाही. बागायतदार कापावर एक किग्रॅ. मोरचूद, एक किग्रॅ. चुना व दहा लि. पाणी या प्रमाणात केलेला बोर्डो मलम लावतात. घरे व रस्ते यांलगतच्या वाळक्या फांद्या या काळात उतरविणे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आवश्यक असते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात उत्तर रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांत असंख्य वृक्ष उन्मळले, तेव्हा या दुर्लक्षित कामाचे महत्त्व विशेष जाणवले.

बांडगूळ व कीड : बांडगूळ ही अर्धपरजीवी वनस्पती आश्रयी वृक्षाच्या प्रकाष्ठातून पाणी व खनिज द्रव्ये शोषून घेते. वृक्षाची पाने झडल्यावरही बांडगूळ हिरवेच राहत असल्याने हिवाळ्यात ते दुरूनही ओळखू येते. ते नुसते ओढून न काढता जेथे रुजले असेल त्याच्या काही सेंमी. खालून फांदीसह कापावे लागते व शक्य तर बी पिकण्यापूर्वी हे काम उरकावे लागते.

सागावरील पाने कुरतडणाऱ्या अळ्यांचा उपद्रव पावसाळ्यात व त्यानंतर होतो. युटेक्टोना मॅकेरॅलिस या पतंगाच्या अळ्या पानाचा हिरवा भाग खाऊन केवळ शिरांची जाळी ठेवतात आणि डोंगर अवेळी तपकिरी दिसू लागतो. ही नैसर्गिक पानगळ नव्हे. जाळीदार पाने झाडावरच लटकत राहतात. नैसर्गिक रीत्या गळणारे पान मात्र अखंड व पिवळे-तपकिरी होऊन देठासह सुटते.

राबासाठी होणारी तोड : कोकणातील पानझडी वृक्षांचे भवितव्य भातशेतीच्या एका जुन्या पद्धतीशी निगडित आहे. भात व नाचणी यांची रोपे ज्या वाफ्यात करतात त्यावर शेण, झाडांचा तोडलेला पाला, गवत व पातेरा यांचे थर रचून वर बारीक माती घालतात आणि पावसाळ्यापूर्वी ते जाळतात. या क्रियेस राब किंवा भाजावळ म्हणतात. उष्णतेने तणांचे बी मरते, माती भुसभुशीत होते व राखेतून पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फरस इ. द्रव्ये मिळतात. पाल्यासाठी ऐन व किंजळ यांना विशेष पसंती असते. पाला फांदीवर असणे आवश्यक असल्याने तोड पानगळीच्या आधी, हिवाळ्यातच होते. शेतकरी कोयती घेऊन झाडावर चढतो व बाजूच्या सर्व फांद्या उतरवितो; मागे शेंड्याशी थोडा झुबका असलेला सोट उरतो.

या पद्धतीविषयीचा वाद जुना आहे. मुंबई इलाख्यातील ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत रयतेचा राबाचा हक्क आणि वनखात्याची बंधने यांतून निर्माण झालेल्या तक्रारींची चौकशी १८८५ मध्ये नेमलेल्या वन आयोगाने केली. रत्नागिरी जिल्ह्यात परिस्थिती वेगळी आहे. तेथे शासकीय वनक्षेत्र अत्यल्प असून बहुतेक झाडी खासगी मालकीच्या वरकस जमिनीवर आहे. साहजिकच वृक्षांची राखण वा नाश बव्हंशी शेतकऱ्याच्याच हाती राहतो.

वृक्षाच्या दृष्टीने या तोडीत दुहेरी हानी आहे. पानांतील द्रव्ये खोडात परत जाण्यापूर्वीच पाला निघून जातो आणि जाळल्यावर त्यातील नायट्रोजनाचा बहुतांश भाग हवेत जातो. दरवर्षी ओरबाडलेल्या झाडाला साठविलेल्या द्रव्यातून नुसती फूट काढावी लागते. त्यास फुले-फळे अत्यल्प येतात व त्यामुळे बियांपासून होणारे पुनरुत्पादन खुंटते. अशी झाडी अनेक वर्षे हिरवी दिसली, तरी तिच्यात नवी रोपे नसतात आणि जुने वृक्ष एकेक करून मेल्यावर सडा उघडा पडतो. दुसऱ्या बाजूस, राब सोडून देण्याचा केवळ उपदेश अल्पभूधारक शेतकऱ्याला परवडणारा नाही. कारण तणमुक्त व जोमदार रोपे ही त्याच्या वर्षाच्या धान्याची हमी असते.

यावर मध्यम मार्ग उपलब्ध आहेत. एकच झाड दरवर्षी न तोडता झाडीचे तीन भाग करून पाळीपाळीने तोड करणे, वरचा एक-तृतीयांश पर्णसंभार कायम ठेवणे, दहा वर्षांखालील झाडांना हात न लावणे आणि प्रत्येक वरकशीत काही जोमदार वृक्ष बियांसाठी राखणे या उपायांनी झाडी टिकून राहते. गादीवाफ्यावर शेणखत वापरून व वेळीच तण काढून रोपे करण्याची पद्धत कृषिखात्याने प्रचारात आणली आहे. चारसूत्री भातशेतीत वाफ्यात भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात व बांधावर वाढविलेल्या गिरिपुष्पाचा पाला चिखलणीच्या वेळी शेतात गाडतात. गिरिपुष्प लवकर फुटणारे असल्याने ऐन-किंजळीवरील भार कमी होतो. दापोली येथे १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठामुळे (आताचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ) या भागातील शेती, फळबागा व वनशेती यांविषयीचे मार्गदर्शन जवळ उपलब्ध झाले आहे.

वणव्यापासून संरक्षण : सड्यावरील गवत नोव्हेंबर-डिसेंबरात वाळते आणि फेब्रुवारीपासून वणव्यांचा धोका वाढतो. वीट-दोन वीट उंचीचे रोप एकाच वणव्यात नाहीसे होते. मोठ्या झाडाची साल बुंध्याशी भाजून आतील ऊतककर मरतो व जखमेतून पुढे ढोली तयार होते. म्हणून गवताची कापणी हिवाळ्याच्या आरंभीच पूर्ण करणे, बागेच्या व झाडीच्या सीमेवर तीन ते सहा मी. रुंदीची जाळरेषा गवत व पातेरा काढून स्वच्छ ठेवणे आणि भाजावळ सकाळी, वारा पडलेला असताना, पाणी व ओले टहाळे हाताशी ठेवून करणे आवश्यक असते. पातेरा जमिनीचे रक्षण करतो व वणव्यास इंधनही पुरवितो. त्यामुळे तो झाडीच्या आत राखावा व सीमेवरून हटवावा.

अन्य प्रदेशांतील निगा : काश्मीर व हिमाचल प्रदेश येथील सफरचंदाच्या झाडांना विश्रांती पूर्ण होण्यासाठी साधारणपणे ७° से.खालील तापमानाचे शेकडो तास लागतात. तेथे छाटणी हिवाळ्याच्या उत्तरार्धात करतात व खोडांना चुना लावतात. महाराष्ट्राच्या पठारावरील द्राक्षवेलीस अशी थंडी मिळत नाही. म्हणून एप्रिलमधील खरड छाटणी व ऑक्टोबरमधील फळछाटणी यांच्या साहाय्याने तिचे वर्षचक्र माणसास घडवावे लागते. डाळिंबाच्या बागेत पाणी तोडून ताण देतात व पानगळ घडवून इच्छित बहार धरतात. नैसर्गिक पानगळीमागील जे तत्त्व कोकणातील ऐनाला लागू आहे, त्याचाच हा हेतुपूर्वक केलेला उपयोग होय.

कायदा व परंपरा : महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ अन्वये साग, ऐन, किंजळ, खैर इ. अनुसूचित वृक्ष खासगी जमिनीवर असले, तरी ते पाडण्यास परवानगी घ्यावी लागते. याहून जुने संरक्षण देवराईचे आहे. रत्नागिरी जिल्ह्यात तिला देवरहाटी असेही म्हणतात. ग्रामदेवतेच्या नावे राखलेल्या या झाडीत फांदी तोडणे तर सोडाच, पण पातेरा उचलणेही पुष्कळ ठिकाणी निषिद्ध मानतात. परिणामी शेजारच्या वरकशीतील जमीन कठीण व उघडी असताना देवरहाटीत पातेऱ्याखाली ओलसर काळी माती, विविध वयांची रोपे व पूर्ण वाढलेले वृक्ष आढळतात. कित्येक ठिकाणचे झरेही उन्हाळ्यापर्यंत टिकतात. न तोडलेल्या ऐनाचा पसारा केवढा होऊ शकतो, हेही अशाच ठिकाणी पाहावयास मिळते. वरकशीतील झाडीला इतके संपूर्ण अभय देणे शक्य नसले, तरी पानगळ पूर्ण होऊ देणे, पातेरा राखणे व आग दूर ठेवणे ही तीन कामे कोणत्याही शेतकऱ्याच्या आवाक्यातील असून त्यांस खर्चही फारसा येत नाही.